जाहिरात पोचली, प्रश्नांचं काय?

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात एड्सचा प्रचार दोन वाटांनी आला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणारा हा भाग. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण बाजारहाट, दवाखाना, सोयरीक यांसाठी आमची पावलं पूर्वीपासून नागपूरकडे वळतात. त्यामुळे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचा हिंदी मजकूर भोपाळचा आणि रेडिओवरची मराठी सूचना आकाशवाणी नागपूरची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम 1992 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून तीन दशकं या जाहिराती लोकांपुढे आहेत. लोकांनी त्यांचं काय केलं, हे नीट पाहायला हवं. कारण पुढचा प्रचार त्यावरूनच ठरायला हवा.

देशात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा 1986 साली मद्रासला आढळली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ती तपासणी केली होती. त्यानंतरच्या सुरुवातीच्या प्रचारात भीतीचाच सूर होता. कवटी, हाडं, काळी पार्श्वभूमी आणि या रोगाला इलाज नाही हे वाक्य. इलाज खरोखरच नव्हता, म्हणून धोक्याची घंटा वाजवणं भागच होतं. पण लोकांनी त्यातून रोगाबरोबर रोग्याचीही धास्ती घेतली. ही चूक लवकर ध्यानात आली. दूरदर्शनवर शबाना आझमी स्पर्शाने एड्स होत नाही असं सांगू लागल्या, तो या भीतीवरचाच उतारा होता.

त्या काळात सर्वांत झपाट्याने बदललं ते सलून. लागण कशी होते याच्या यादीत असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, असे मार्ग सांगितले जात. त्यातल्या सुईवरून लोक ब्लेडवर आले. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक "भाऊ, पत्ती नवी लाव" म्हणू लागलं. मग कारागीर गिऱ्हाइकासमोर कागद उलगडायचा, पत्तीचे दोन तुकडे करायचा, अर्धी वस्तऱ्यात बसवायचा आणि जुनी डब्यात टाकायचा. सवय चांगलीच लागली. पण दाढीच्या ब्लेडमधला धोका अगदी किरकोळ, आणि यादीतला पहिला मार्ग सर्वांत मोठा. ब्लेडबद्दल चारचौघांत बोलता येत होतं, शरीरसंबंधाबद्दल येत नव्हतं. टीव्हीवर एड्सची जाहिरात लागली की घरातलं कुणी पाणी प्यायला उठायचं, कुणी आवाज बारीक करायचं. लोकांनी जाहिरात झिडकारली नाही. चारचौघांत उच्चारता येईल तेवढा भाग त्यांनी उचलला आणि उरलेला तिथेच ठेवला.

हा अडसर ओळखून केलेली मोहीम मुंबईत झाली. 2002 च्या अखेरीस शहरभर फलक लागले: बलबीर पाशाला एड्स होईल का? खाली खुलासा काहीच नाही. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेची ही मोहीम. हा बलबीर पाशा कोण, यावर लोकलमध्ये, नाक्यावर चर्चा झडू लागली. त्याच्या आडून लोक स्वतःचा प्रश्न विचारू शकत होते. पुढच्या फलकांतून एकेक गैरसमज खोडला गेला, 'साधन' हेल्पलाइनचा नंबर दिला गेला आणि तिथे येणारे फोन वाढले. मोहिमेवर टीकाही झाली. वेश्याव्यवसायातल्या ज्या मंजुळेकडे बलबीर जातो तिला रोगाचं घर ठरवलं जातंय, असा काही महिला संघटनांचा आक्षेप होता. तो रास्तच होता. मंजुळेला लागण कुणाकडून झाली, हा प्रश्न फलकाने विचारलाच नाही.

2007 या एकाच वर्षात समाजाच्या प्रतिसादाची सगळी रूपं दिसली. शाळांमध्ये किशोरवयीन मुलांसाठी आलेल्या शिक्षण कार्यक्रमाविरुद्ध ओरड झाली, आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी तो रोखला. सौंसरचं पोर भोपाळच्या अभ्यासक्रमात असो की नागपूरला मामाकडे शिकायला असो, वर्गात त्याला उत्तर मिळणार नव्हतं. एप्रिलमध्ये दिल्लीत ट्रकचालकांसाठी एड्स जागृतीचा कार्यक्रम झाला. त्यात अभिनेते रिचर्ड गेअर यांनी अभिनेत्री शिल्पा शेट्टी यांचं चुंबन घेतलं. पुतळे जळले, प्रकरण कोर्टात गेलं आणि ट्रकचालकांना काय सांगितलं ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. त्याच वर्षी 1 डिसेंबरला रेड रिबन एक्सप्रेस ही एड्स जागृतीची रेल्वेगाडी निघाली. प्रदर्शनाच्या डब्यांबरोबर तिच्यात समुपदेशनाचीही सोय होती. चित्रं पाहून मनात आलेला प्रश्न तिथल्या तिथे, एकांतात विचारता येत होता. त्या गाडीचं खरं मोल मला यात दिसतं.

पुढेही असंच चालू राहिलं. 2008 मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्टने 'कंडोम' हा शब्द गाऊन दाखवणारी मोबाइलची रिंगटोन काढली आणि लोकांनी ती हौसेने घेतली. 2017 च्या डिसेंबरात मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत दाखवू नयेत अशी सूचना काढली. नंतर ती उत्तान जाहिरातींपुरती असल्याचा खुलासा करावा लागला.

फलकांच्या पलीकडचं काम पाहायचं तर सांगलीला जावं. मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने 1992 पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच या कामाचं पुढारपण दिलं. त्या एकमेकींना माहिती देत, कंडोम वाटत, दवाखान्यात सोबत जात. त्यातूनच 'व्हॅम्प' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. मुंबईच्या फलकावर जी मंजुळा संशयाची धनी झाली, तीच सांगलीत इतरांना वाचवणारी कार्यकर्ती होती. तिच्या शब्दाला वजन होतं, कारण ऐकणारीला तिला उलट प्रश्न विचारता येत होता.

या सगळ्याचा हिशेब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सापडतो. 2019-21 च्या पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या बहुतेक स्त्री-पुरुषांनी एड्सचं नाव ऐकलेलं होतं. पण लागण कशी टळते, धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही ती असू शकते का, डास चावल्याने होते का, अशा प्रश्नांची सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या स्त्रिया सुमारे 22 टक्के आणि पुरुष सुमारे 31 टक्केच निघाले. नाव घरोघर पोचलं. समज पोचली नाही.

दरम्यान रोगाचं चित्र पार पालटलं आहे. एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी ही एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली. औषध नेमाने घेतलं आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 मध्ये झाला आणि सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. लागण आहे म्हणून नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारणं त्याने बेकायदा ठरवलं. विश्वासाने सांगितलेली कुणाची माहिती संमतीशिवाय फोडायलाही मनाई केली. या तीन गोष्टी आमच्या गावांत किती जणांना ठाऊक असतील? जुनी भीती मात्र प्रत्येकाला पाठ आहे.

म्हणून आमच्या भागासाठी माझं मागणं साधं आहे. पांढुर्ण्याहून संत्री घेऊन जाणारे ट्रकचालक, बोरगावच्या कारखान्यांतले कामगार, नागपूरला कामाला जाणारी तरुण पोरं, यांच्यासाठी पाटी घरच्या बोलीत असावी. पाटीवर भीतीऐवजी औषधाची, कायद्याची आणि 1097 या मोफत हेल्पलाइनची माहिती असावी. तपासणी केंद्र कोणत्या खोलीत आहे, कोणत्या वेळी उघडं असतं, हेही त्याच पाटीवर लिहावं. त्या खोलीत मराठी समजणारा, दार लावून घेणारा आणि ऐकलेलं पोटात ठेवणारा समुपदेशक बसावा. फलकाचा खर्च दरवर्षी होतोच. या माणसाच्या पगाराची तरतूद आधी करा, आणि मग फलक रंगवा.