एक आज्ञा, साठ छिद्रे

पंपाची फ्लँज असो, गिअरबॉक्सचे आवरण असो किंवा साच्याची पोलादी पाटी. यंत्रभागांवर वारंवार करावे लागणारे काम म्हणजे छिद्रे पाडणे. भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांतही हे काम आता संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्रावर, कारागिरांच्या भाषेत ‘व्हीएमसी’वर होते. हे यंत्र कंटाळत नाही; मात्र त्याला प्रत्येक हालचाल आकड्यांत सांगावी लागते.

अशा यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक १९५२ मध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेत झाले. त्या वेळी यंत्राला आज्ञा मिळत त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. फीत गेली, आज्ञांची भाषा मात्र टिकली. ‘जी कोड’ म्हणतात ती हीच.

एका पाटीवर ६० छिद्रे पाडायची आहेत, असे समजू. प्रत्येक छिद्रासाठी चार हालचाली लागतात : जागेवर जाणे, वेगाने पृष्ठभागाजवळ उतरणे, ठरलेल्या गतीने कापत खाली जाणे आणि वर येणे. त्या सुट्या लिहिल्या तर २४० ओळी होतात. ‘कॅन्ड सायकल’ नावाची तयार आज्ञा या चारही हालचाली एकत्र बांधते. ‘जी ८१’ लिहून खोली आणि गती एकदाच सांगायची. पुढे केवळ जागेचे आकडे द्यायचे. छिद्रे समान अंतरावर असतील, तर ‘इतक्या वेळा पुन्हा कर’ असेही सांगता येते. मग १५-२० ओळींत काम भागते.

काम बदलले की सायकलही बदलते. ८ मिलिमीटर जाडीच्या ड्रिलने ४० मिलिमीटर खोल छिद्र पाडताना धातूचा कीस आत अडकतो आणि ड्रिल मोडू शकते. तेथे ‘जी ८३’ वापरतात. यात ड्रिल थोडे कापून वर येते, कीस बाहेर टाकते आणि पुन्हा खाली जाते. आटे पाडण्यासाठी ‘जी ८४’ आहे. येथे हिशेब काटेकोर हवा. ‘एम १०’ टॅपचे आटे दीड मिलिमीटर अंतरावर असतात. स्पिंडल मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर टॅपची गती मिनिटाला ४५० मिलिमीटरच ठेवावी लागते. आकडा चुकला की आटे बिघडतात किंवा टॅप आतच मोडतो.

वेळेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ‘जी ९८’ या आज्ञेने ड्रिल दर वेळी सुरुवातीच्या उंचीपर्यंत परत जाते; ‘जी ९९’ने पृष्ठभागाच्या किंचित वरच थांबते. सुरुवातीची उंची ५० मिलिमीटर आणि जवळची २ मिलिमीटर असेल, तर दर छिद्रामागे ९६ मिलिमीटर फेरी वाचते. मिनिटाला २० मीटर धावणाऱ्या यंत्रावर ६० छिद्रांमागे सुमारे १७ सेकंद आणि ५०० नगांमागे जवळजवळ अडीच तास वाचतात. मजुरीवर काम घेणाऱ्या कारखान्यासाठी ही बचत लहान नाही. मात्र दोन छिद्रांच्या मध्ये पाटी धरून ठेवणारा क्लॅम्प असेल, तर कमी उंचीवरून जाणारे ड्रिल थेट त्यावर आदळते. तेवढ्या जागेपुरते ‘जी ९८’ वापरणेच शहाणपणाचे.

या पद्धतीतील खरी जोखीम तिच्या सोयीतच आहे. सायकल रद्द होईपर्यंत चालू राहते. शेवटी ‘जी ८०’ लिहायचे राहिले आणि पुढच्या ओळीत नुसती नवी जागा दिली, तर यंत्र तेथेही छिद्र पाडते. एका रांगेत १० छिद्रे हवी असताना पहिले आधीच पाडलेले असेल, तर पुनरावृत्तीचा आकडा ९ हवा. तेथे १० लिहिले की अकरावे छिद्र पडते. सुट्या ओळीतील चूक सहसा एक छिद्र बिघडविते. सायकलमधील खोली चुकली, तर साठही छिद्रे चुकतात.

आज बरेचसे प्रोग्रॅम ‘कॅम’ सॉफ्टवेअर तयार करते. तरीही क्लॅम्प कोठे बसविला आहे, हे यंत्रासमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरलाच दिसते. म्हणून पहिला नग ‘सिंगल ब्लॉक’वर, एकेक ओळ थांबवून तपासण्याची शिस्त अनुभवी कारागीर सोडत नाहीत. त्यात जाणारी काही मिनिटे एका मोडलेल्या ड्रिलपेक्षा आणि वाया गेलेल्या पाटीपेक्षा स्वस्तच पडतात.