दिनविशेष १ जुलै : कृषी दिन, डॉक्टर दिन, स्टेट बँक, जीएसटी अन् नवे फौजदारी कायदे; या एका तारखेचा गावाशी संबंध काय?

आज १ जुलै. सकाळपासून गावागावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कृषी दिनाच्या शुभेच्छांचे फोटो फिरत आहेत. हिरवं शेत, बैलजोडी, खाली कुण्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा. पंचायत समितीत फोटोला हार, दोन-चार प्रगतशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ आणि चहा. ज्याच्या नावाने दिवस, तो कास्तकार मात्र आज वावरात असतो, नाहीतर कृषी केंद्रासमोरच्या रांगेत.

पण १ जुलै ही तारीख नुसती शुभेच्छांची नाही. याच तारखेला कृषी दिन आणि डॉक्टर दिन येतात. स्टेट बँक याच तारखेला सुरू झाली, जीएसटी याच तारखेपासून लागू झाला आणि नवे फौजदारी कायदेही. खत, कर्ज, दवाखाना, पोलीस ठाणं या सगळ्याशी खरिपाच्या ऐन घाईत गावाचा संबंध येतो. त्यामुळे या प्रत्येक दिवसामागे काय आहे आणि त्यातून आपल्याला काय मागता येतं, ते समजून घेतलेलं बरं.

वसंतराव नाईक आणि कृषी दिन

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या गहुली गावात, बंजारा समाजातल्या शेतकरी कुटुंबात झाला. वकिली करत ते राजकारणात आले. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून जास्त काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांची जयंती राज्यात कृषी दिन म्हणून पाळली जाते.

तो काळ धान्याच्या टंचाईचा होता. परदेशातून आलेल्या गव्हावर आणि रेशनच्या मिलोवर लोकांनी दिवस काढले. संकरित ज्वारीचं बियाणं त्याच सुमारास आलं आणि गावात 'हायब्रीड' हा शब्द रुळला. आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हायब्रीड म्हणजे ज्वारीच. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाला आज वसंतरावांचंच नाव आहे.

१९७२ चा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीतला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडली, पाझर तलाव बांधले, रस्ते केले. मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि राज्याने ती राबवली. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला.

तेव्हाचा प्रश्न होता, पिकवायचं कसं? आजचा प्रश्न वेगळा आहे. पिकतं, पण परवडत नाही. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाजार समितीत मात्र बरेच दिवस भाव त्याच्या खालीच होते. ज्या जिल्ह्याने राज्याला कृषी दिन दिला, त्याच जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षे शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येतं. हार घालताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जीएसटी : शेतकऱ्याच्या खिशातून किती जातो?

१ जुलै २०१७ पासून देशात वस्तू आणि सेवा कर म्हणजे जीएसटी लागू झाला. 'शेतकऱ्याला टॅक्स नाही' असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे.

स्वतः पिकवलेला माल विकायला शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. कापसाच्या खरेदीवर ५ टक्के कर आहे, पण शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने तो सरकारला भरायचा असतो. कास्तकाराच्या चुकाऱ्यातून तो कापायचं कारण नाही.

विकत घेताना मात्र कर बसतोच. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही. रासायनिक खतावर ५ टक्के आहे, कीटकनाशक-तणनाशकावर १८ टक्के. १,३५० रुपयांच्या डीएपीच्या गोणीत साधारण ६४ रुपये कराचे असतात. १,१८० रुपयांच्या फवारणीच्या औषधात १८० रुपये. व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळते, शेतकऱ्याला ती मिळत नाही. त्याच्यापाशी येऊन कर थांबतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून काही दर खाली आले. ट्रॅक्टर आणि ठिबक-तुषारचे संच १२ वरून ५ टक्क्यांवर, ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर. रासायनिक कीटकनाशकांचा दर तेवढाच राहिला. त्यामुळे या वस्तू घेताना बिलावर कोणता दर लावलाय, तेवढं बघून घ्या.

बिल नको म्हटलं तर दुकानदार पन्नास रुपये कमी करतो आणि आपणही खूश होतो. नंतर बियाणं उगवलं नाही, तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? पक्कं बिल, बियाण्याची पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवावं. पंचनाम्याच्या वेळी याच गोष्टी कामी येतात.

दुसरी तक्रार दरवर्षीची, लिंकिंगची. युरियाची ४५ किलोची गोणी वर्षानुवर्षे २६६ रुपये ५० पैशांना आहे. ती देताना 'हे दुसरं घेतलं तरच युरिया मिळेल' असं सांगितलं जातं. अशी सक्ती करता येत नाही. पॉस मशीनवर अंगठा लावला की पावती निघते, ती मागून घ्यावी. सक्ती झालीच तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

स्टेट बँक : सावकाराला पर्याय म्हणून

१ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या ग्रामीण कर्जाची पाहणी केली होती. त्यात दिसलं ते असं : शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा तर १ टक्क्याहूनही कमी. बाकी बहुतेक सगळं सावकार आणि व्यापाऱ्यांच्या हातात. म्हणून सरकारच्या ताब्यातली, गावाकडे जाणारी बँक हवी असं ठरलं. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायचं बंधन कायद्यानेच या बँकेवर घातलं होतं.

म्हणजे कास्तकार बँकेत जातो तो उपकार मागायला नाही. राष्ट्रीय पातळीवरची ही बँक त्याच कामासाठी उभी झाली होती.

आजची स्थिती अशी आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के व्याज, मुदतीत भरलं तर केंद्राकडून ३ टक्के सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेली सवलत. मुदत पाळणाऱ्याला हे कर्ज बिनव्याजी पडतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावं. 'साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या' हे काही कारण होत नाही. पेरणी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नसते.

बँकेचं दार बंद झालं की माणूस सावकाराकडे वळतो. बिनपरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा सावकाराने लिहून घेतलेली जमीन परत मिळवायची तरतूदही त्यात आहे. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करता येते.

डॉक्टर दिन : पावसाळ्यात दोन धोके

डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म १ जुलै १८८२ चा आणि मृत्यू १ जुलै १९६२ चा. नावाजलेले डॉक्टर, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री आणि १९६१ चे भारतरत्न. त्यांच्या स्मरणार्थ १९९१ पासून हा दिवस डॉक्टर दिन म्हणून पाळतात.

गावात डॉक्टरची खरी गरज याच दिवसांत पडते. पहिला धोका सापाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. साप चावला तर दोरीने घट्ट आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ही लस आज शिल्लक आहे का, हा प्रश्न गावाने आधीच विचारून ठेवावा. रात्री दोन वाजता विचारायची वेळ येऊ नये.

दुसरा धोका फवारणीचा. २०१७ चा हंगाम या जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यातले कित्येक जण रोजंदारीने दुसऱ्याच्या वावरात फवारत होते.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. दोन-तीन औषधं मनानेच एकत्र करू नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. तोंडाला मास्क आणि हातात मोजे फवारणाऱ्याला द्यायची जबाबदारी शेतमालकाची, मग तो मजूर एका दिवसाचा का असेना. चक्कर, उलटी किंवा डोळ्यापुढे अंधारी आली तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊनच दवाखाना गाठा. कोणतं विष ते कळलं तर डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.

नवे फौजदारी कायदे : मोटार चोरीला गेली तर?

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यासोबत फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचेही नवे कायदे लागू झाले. फसवणुकीचं 'चारसो बीस' आता कलम ३१८ मध्ये आहे आणि खुनाचं ३०२ आता १०३. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमं लागू राहतात.

गावाच्या दृष्टीने कामाची गोष्ट तक्रार नोंदवण्याची. विहिरीवरची मोटार गेली, केबल कापून नेली, गोठ्यातून जनावर गेलं. आणि ठाण्यात उत्तर मिळतं, 'हे शिवार आमच्या हद्दीत येत नाही.' दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आधी ही पद्धत सूचनांवर चालायची, आता ती कायद्यातच लिहिली आहे.

तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि त्यावर सही घ्यायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंद झालीच नाही तर माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायचं आहे.

मग आज काय करायचं?

शुभेच्छांचा फोटो पुढे पाठवायला हरकत नाही. पण त्यासोबत चार कामं करता येतील. यंदाच्या बियाणं-खताची बिलं, टॅग आणि पिशव्या एका ठिकाणी बांधून ठेवा. पीक कर्जाचा अर्ज अडला असेल तर कारण लेखी मागा. आरोग्य केंद्रात सापाच्या लसीची चौकशी करा. आणि फवारणीला जो माणूस लावणार, त्याच्यासाठी मास्क-मोजे आजच आणून ठेवा.

कृषी दिनाच्या कार्यक्रमाला जाणार असाल तर तिथल्या अधिकाऱ्यांना लिंकिंगबद्दल जरूर विचारा. शाल-श्रीफळ उरकल्यावर साहेब गाडीत बसायच्या आत विचारा, कारण वर्षभरात सगळे अधिकारी एका मांडवाखाली सापडायचा हा एकच दिवस असतो.