गिअरबॉक्स उघडण्याआधी

बुऱ्हाणपूरहून खांडव्याकडे जाताना असीरगडच्या घाटात, भर पावसात, आमची ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. 'एनातु?' म्हणत अक्का घाबरल्या. बिघाड जाणवताच अनेक इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स स्वतःला जपण्यासाठी असेच करतात. एका मिस्त्रीने तर गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्चही सांगून टाकला! दुसऱ्याने आधी स्कॅनर लावला. पी-०७०० हा कोड आला. त्याचा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाला विचारा. तिथे पी-०७१५ निघाला, म्हणजे आत येणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचे सर्किट. सर्किटात सेन्सर येतो, तशा वायरी आणि जोडही येतात. म्हणून बॅटरीचा व्होल्टेज, तेलाची पातळी पाहून त्याने जोड उघडला. आत पाणी होते. सुकवून बसवताच गिअर पडू लागले.