बाण नव्हता, म्हणून खरा?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनच्या जबाबदारीवर आज लिहायचं होतं, ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. कळमनुरीच्या एका वाचकाचा प्रश्न आधी घ्यायलाच हवा.

मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं. त्यांच्या गल्लीच्या ग्रुपवर रात्रीच्या आकाशात विमान पाडल्याचा व्हिडिओ आला. ‘फॉरवर्डेड’चा बाण त्यावर नव्हता. पाठवणाऱ्याचा मेहुणा जम्मूकडे ड्युटीवर, तेव्हा थेट तिथूनच आला असणार, असं सगळ्यांनी धरलं. निघाला ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधला तुकडा. त्या दिवसांत या गेमची दृश्यं युद्धाची म्हणून देशभर फिरली होती. मग बाण का नव्हता?

व्हॉट्सअ‍ॅप आपला मजकूर वाचत नाही, पण तो किती वेळा पुढे ढकलला गेला याची गणती त्याच्यासोबत जाते. सुरुवातीला एक बाण. साखळी पाचवर गेली की दोन, आणि मग तो एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. ही अट एप्रिल २०२० ची. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा आली. त्याच महिन्याच्या १ तारखेला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या अफवेवरून मुलं पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं होतं. हे विसरू नये म्हणून मी पुन्हापुन्हा लिहितो.

पण व्हिडिओ फोनमध्ये सेव्ह करून नव्याने टाकला, की गणती शून्यावर येते. बाण नसला म्हणजे पाठवणाऱ्याने फॉरवर्डचं बटण दाबलं नाही, एवढंच कळतं.

वाचकाने पुढचं बोलणंही पाठवलंय. एका पोराने व्हिडिओ टाकणाऱ्याला लिहिलं, ‘मामा, हे गेममधलं हाय.’

‘तुला लई पुळका आला त्यांचा?’

‘पुळका कशाचा? व्हिडिओ खोटा हाय म्हणालो.’

‘जवान तिथं मरायलेत अन् तू इथं चुका काढायलास.’

व्हिडिओवरून सुरू झालेली गोष्ट पोराच्या निष्ठेवर आली. युद्धावरचे बहुतेक वाद असेच घसरतात. कारगिल पेटलं १९९९ च्या मे महिन्यात, आपला हिंगोली जिल्हा झाला त्याच महिन्यात. तेव्हाही पारावर लोक तावातावाने भांडायचे, पण ऐकणारी माणसं चार. शब्द मागे घेतला तरी कमीपणा वाटत नसे. ग्रुपवर शे-दोनशे जण वाचत असतात, त्यात सोयरे आणि गिऱ्हाईकंही. मामा हटणार कसे?

१० मेच्या संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी लष्करी कारवाई थांबल्याचं जाहीर केलं, तर शिव्या त्यांना आणि त्यांच्या मुलीलाही पडल्या. शेवटी त्यांनी एक्सवरचं आपलं खातं इतरांसाठी बंद केलं. निर्णय सरकारचा आणि राग सांगणाऱ्यावर. गल्लीतल्या पोरावर निघालेला राग याच जातीचा. खरं काय ते विचारणारा माणूस जवानांच्या विरोधात नसतो, हे मला ठासून सांगायचंय.

त्या पोराने पुढे शहाणपण केलं. ग्रुप सोडून मामांना फोन लावला. मामांनी व्हिडिओ ‘सर्वांसाठी’ काढला. ज्यांनी तोवर पुढे पाठवला होता, त्यांच्याकडचा मात्र तसाच राहिला.

अ‍ॅडमिनने तो काढायला हवा होता का? सदस्याच्या पोस्टबद्दल अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येईल का, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. पुढच्या आठवड्यात तोच घेऊ.