उपस्थात्याची नाडी कोण पाहणार?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ९व्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थात्याच्या अंगी उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शुचिता असावी, हेही सांगितले. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शियाच्या रुग्णाबाबत या तिसऱ्या पादावर किती भार पडतो, हे मात्र आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

एक सूनबाई आपल्या वृद्ध सासूबाईंना वर्षभर आमच्याकडे आणीत असत. दर खेपेस आम्ही सासूबाईंची नाडी पाहिली, झोपेची चौकशी केली, कल्प बदलले. सूनबाईंना काहीच विचारले नाही. एके दिवशी चिकित्सालयाच्या पायरीवरच त्यांना भोवळ आली. मग कळले, की सासूबाई रात्री कडी काढून बाहेर पडतात, म्हणून त्या कित्येक महिने सलग झोपल्याच नव्हत्या. सासूबाईंना क्षणभरही एकटे सोडवत नसल्याने लघवी तासन्‌तास रोखीत होत्या. भूक-तहान मारली जात होतीच. "डॉक्टर, रडायलासुद्धा सवड मिळत नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या.

चरकोक्त १३ अधारणीय वेगांपैकी मूत्र, क्षुधा, पिपासा, निद्रा आणि अश्रू असे पाच वेग त्या रोज धारण करीत होत्या. हेतू आमच्यासमोर बसलेला होता. आम्ही पाहिला नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे रुग्णसंख्या सुमारे ८८ लक्ष आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरातलीच व्यक्ती करीत असते.

तेव्हापासून आम्ही रुग्णपत्रावर उपस्थात्याचेही नाव लिहितो आणि विचारतो : सलग झोप किती तास? जेवण वेळेवर होते का? वेग रोखावे लागतात का? मन कोणापाशी मोकळे करता? मदतीला दुसरे कोणी आहे का? उत्तरे ऐकून इतर नातलगांना बोलावून घेतो. रात्रीच्या पाळ्या लावणे आणि आठवड्यातून एक दुपार उपस्थात्याला पूर्ण मोकळी देणे, हा आमचा पहिला उपचार. रुग्ण तोच प्रश्न दहादा विचारील. तेथे वाद न घालता विषय बदलावा, हे शिकवतो. निजताना तिळतेलाचा पादाभ्यंग सांगतो. उदासीनता हटत नसेल, तर मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. शासनाची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधविक्रेत्या बंधु-भगिनींनाही एक विनंती. गेलेली स्मृती परत येईल, अशी आशा दाखवून कोणताही कल्प विकू नये. उलट, दरमहा तीच चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला "तुमची झोप होते ना?" एवढे अवश्य विचारावे.

त्या सूनबाईंच्या नणंदबाई आता दर शनिवारी आईजवळ राहतात. सूनबाईंना आम्ही औषध फारसे दिले नाही. त्या रात्री त्या झोपतात.