विरळ हवेतला घाट: ओखोस देल सालादो

चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर अँडीज पर्वतरांगेत उभा असलेला ओखोस देल सालादो हा ६,८९३ मीटर उंचीचा पर्वत जगातील सर्वांत उंच ज्वालामुखी मानला जातो. एवढ्या उंचीवर एरवी हिमनद्या आणि कडे वाहनांची वाट अडवतात. परंतु येथे अटाकामा वाळवंटाच्या कोरडेपणामुळे बर्फ कमी साचतो आणि बराचसा चढ राख व खडीचा असल्याने, चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी फोर-व्हील-ड्राइव्ह वाहने साडेपाच हजार मीटरच्याही वर जाऊ शकतात.

चिलीच्या बाजूने कोपियापो शहरापासून सुमारे ४,३०० मीटरवरील लगूना वेर्दे सरोवरापर्यंत रस्ता जातो आणि त्यापुढे ज्वालामुखीची कच्ची वाट सुरू होते. या वाटेवरचा खरा अडथळा मात्र चढापेक्षा हवेचा आहे. इंधन जळण्यास प्राणवायू लागतो आणि ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून साध्या इंजिनाची शक्तीही निम्म्याच्या आसपास उतरते. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरून हवा दाबून आत ढकलणारा टर्बोचार्जर ही तूट बरीचशी भरून काढतो. उरलेली कसर लो-रेंज गिअर, म्हणजे वेग घटवून चाकांवरील जोर वाढवणारी दातेरी चाकांची जोडणी, भरून काढते. बाहेरचा दाब घटल्याने टायर मात्र अधिक ताठ होतात. त्यांतील हवा कमी केली, की ते पसरून भुसभुशीत राखेत कमी रुततात.

हीच विरळ हवा चालकालाही बाधते. पायी चढणाऱ्याचे शरीर हळूहळू सरावते, तर गाडी माणसाला काही तासांत अशा उंचीवर नेते, जिथे मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. त्यामुळे पायथ्याशी काही दिवस मुक्काम करणे हा तयारीचा अनिवार्य भाग ठरतो.

येथे २००७ मध्ये सुधारणा केलेली एक छोटी सुझुकी ६,६८८ मीटरपर्यंत पोहोचली, तर २०२३ मध्ये फ्रेंच चालक रोमां द्युमा यांनी खास बांधलेली पोर्श ६,७३४ मीटरपर्यंत नेली. सोळा वर्षांच्या तांत्रिक प्रगतीनंतर या दोन नोंदींमधील अंतर अवघे ४६ मीटर आहे, कारण वरच्या टप्प्यात निव्वळ अश्वशक्तीपेक्षा हलके वजन, बर्फ हटल्यावर खुली होणारी वाट आणि योग्य हवामानाची निवड अधिक निर्णायक ठरते.