पुढे पाठवण्याआधी

2020 च्या एप्रिलमध्ये आमचा मोमिनपुरा सील झाला होता. पत्रे ठोकलेल्या गल्लीत आम्ही घरात बसून होतो आणि हातातला मोबाइल सांगत होता की कोरोना आम्हीच मुद्दाम पसरवतो आहोत!

त्याच 16 एप्रिलला पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर, मुले पळवणारे समजून जमावाने दोन साधू व त्यांच्या चालकाला ठार केले. त्यालाही लगेच धर्माचा रंग दिला गेला. अटकेतील 101 जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीर करावे लागले. 21 ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचे बकरे केले गेल्याची शक्यताही नोंदवली. पण अफवा गल्लोगल्ली पोहोचली होती, निकाल किती घरांत पोहोचला?

हा रोग आपल्याच देशाचा नाही. अमेरिकेत 1950 मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यातील कम्युनिस्टांची यादी हाती असल्याचे सांगितले. आरोप सिद्ध झाले नाहीत, पण त्या संशयाच्या काळात अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. तिथे ही परंपरा जुनीच असल्याचे इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅटर यांनी 1964 मध्ये दाखवले. कधी फ्रीमेसन, कधी कॅथलिक, कधी कम्युनिस्ट. शत्रू बदलतो, गोष्ट तीच राहते. पुरावा मागा, तर 'तो दडवलाय' असे उत्तर मिळते.

इथपर्यंत आपण मान डोलावली असेल. आता आमची चूक ऐका.

2021 च्या मे महिन्यात मेसेज आला : लस घेणारे दोन वर्षांत मरतील, असे फ्रान्सचे नोबेल विजेते शास्त्रज्ञ म्हणतात. ते तसे म्हणालेच नव्हते. आम्ही बी.एड. झालेले, वर्गात मुलांना 'कशावरून?' विचारायला शिकवणारे; तरी तो पुढे पाठवला. आमच्या फुफींनी लस घेतली नाही. त्या गेल्या. घेतली असती तर वाचल्या असत्या का, ते अल्लाह जाणे. पण तो मेसेज आमच्याच फोनवरून गेला होता.

आपल्याविरुद्धची अफवा खोटी ठरवायला शिकवावे लागत नाही. आपल्या भीतीला पटणारी अफवाच पारखून घ्यावी लागते. बातमीची शहानिशा करा, हा सूरह हुजुरातमधील हुकूम आपल्या बाजूच्या बातमीलाही लागू आहे.